शनी अमावस्येचा रिस्टोर पॉइंट

सोनपेठच्या अण्णासाहेब गुरुजींचं एक गुपित होतं, आणि ते देवघरामागच्या खोलीत सोवळ्याच्या धाबळीखाली झाकून ठेवलेलं होतं. गेल्या चौदा वर्षांत त्यांनी एकही पत्रिका हाताने मांडली नव्हती. मांडता येतच नव्हती, हे जास्त खरं. त्यांचे वडील दिनकरराव बोटांच्या पेरांवर ग्रह मोजत आणि समोरच्याचा चहा संपायच्या आत रास, नक्षत्र, चरण सांगून मोकळे होत. अण्णासाहेबांना मात्र लहानपणापासून वजाबाकीचं वावडं. हातचा घ्यायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

वडील होते तोवर सगळं झाकून गेलं. वडील गेल्यावर तीन वर्षं त्यांनी अंदाजपंचे रेटली. त्या काळात एका पोराच्या पत्रिकेत त्यांनी सूर्य दोन घरांत मांडला होता. पोराच्या बापाला त्याचा अभिमानच वाटला, ही गोष्ट वेगळी. पण अण्णासाहेबांची झोप उडाली. मग परभणीला एका ज्योतिष संमेलनात त्यांना पत्रिका काढणाऱ्या प्रोग्रामची सीडी मिळाली, पाठोपाठ जुना कम्प्युटर आला, आणि गुरुजींच्या घरी ग्रह सुतासारखे सरळ चालायला लागले.

पद्धत ठरलेली होती. माणूस आला की अण्णासाहेब बैठकीत पंचांग उघडायचे, डोळे मिटून बोटं मोजल्यासारखी करायचे, मग गंभीर आवाजात म्हणायचे, "बसा. देवासमोर बसून गणित करावं लागेल." आत जायचे, दार लावायचे, दोन बोटांनी जन्मवेळ टाइप करायचे आणि पडद्यावर जे येईल ते बहुधा तसंच कागदावर सुबक अक्षरात उतरवून अर्ध्या तासाने बाहेर यायचे. ती खोली सोवळ्यातली, म्हणून तिथे कुणी डोकवायचं नाही. कम्प्युटर चालू होताना आवाज करायचा, म्हणून स्पीकरची वायर त्यांनी पहिल्याच दिवशी कापून टाकली होती. मधेच लाइट गेली की बॅटरीचा डबा टूंऽऽ टूंऽऽ ओरडायचा, त्यावर त्यांनी देवापुढची घंटा जोरात वाजवायचा तोडगा काढला होता. आणि लाइट मुळातच नसली, तर ते माणसाला दारातूनच सांगायचे, "आज योग नाही. उद्या या."

या सगळ्याची माहिती फक्त पुण्यातल्या मुलाला आणि त्यांच्या बायकोला, विमलाबाईंना होती. त्या म्हणायच्या, "अहो, एवढं लपवायला तुम्ही काय दारू गाळताय का?" पण अण्णासाहेबांना वाटायचं, ज्या दिवशी गावाला हे कळेल त्या दिवशी दिनकररावांचं नाव मातीत जाईल आणि आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

यंदा महालक्ष्म्यांच्या सणाला मुलगा विवेक पुण्याहून आला आणि त्याने जेवणानंतर सहज म्हणून त्या मशीनला हात लावला. "बाबा, किती कचरा साठवलाय!" असं म्हणत त्याने दोन तास साफसफाई केली, नवं काहीबाही चढवलं आणि समाधानाने गाडीत बसून निघून गेला. पुढे पितृपंधरवडा लागला, त्यात कुणी सोयरिकीचं नाव काढत नाही. नवरात्रात गुरुजी पाठात गुंतले. त्यामुळे धाबळी उचलायची वेळ आली ती थेट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. खताचे दुकानदार रंगनाथ यांचा सकाळी फोन आला होता. त्यांची मुलगी मनिषा परभणीला नर्स होती. पाथरीचा मुलगा तिला पसंत, तिला तो पसंत, घरच्यांनाही तो पसंत. फक्त गुण जुळतात का तेवढं बघायचं राहिलं होतं.

"एक वाजता या," असं अण्णासाहेबांनी मोठ्या थाटात सांगितलं आणि आत जाऊन मशीन लावलं. पडदा उजळला. पडद्यावर नवीन निळं डोंगराचं चित्र होतं. प्रोग्राम नव्हता.

त्यांनी विवेकला फोन लावला. "तो जुनाट प्रोग्राम ना? मीच काढला. बाबा, मोबाइलवर फुकट ॲप मिळतं की!" विवेक म्हणाला. ॲप अण्णासाहेबांना माहीत होतं. विमलाबाईंच्या मोबाइलवर त्यांनी एकदा ते चालवून पाहिलं होतं, तर एकाच जोडप्याला प्रोग्रामने दिलेले गुण वेगळे आणि ॲपने दिलेले वेगळे. चौदा वर्षं निम्म्या गावाच्या पत्रिका एका हिशेबाने काढल्या, आता दुसरा हिशेब लावला तर पहिल्याच फटक्याला कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवणार. त्यांनी सीडी शोधली. सीडीवर इतके ओरखडे होते की तिच्यात तोंडसुद्धा दिसेना. ती विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. अण्णासाहेब पाटावर बसून राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

विमलाबाईंनी नवऱ्याला न विचारता बसस्टँडजवळच्या नीलमला बोलावून घेतलं.

नीलम म्हणजे लिंबाजी मास्तरांची मुलगी. निळ्या पाटीच्या दुकानात ती गावाचे फॉर्म भरायची, झेरॉक्स काढायची आणि बिघडलेले कम्प्युटर सुधारायची. पस्तिशीची बाई, बोलायला सडेतोड. खांद्याला पिशवी आणि कानाला फोन लावूनच ती आली. "हां, जय भीम, दादा. अर्ध्या तासानं बोलते. गुर्जीकडं आलेय." फोन पिशवीत टाकून, चपला काढून ती सरळ आत निघाली, तर देवघराशी अण्णासाहेब आडवे.

"अगं, ती जरा... सोवळ्यातली खोली आहे," ते म्हणाले आणि म्हणताना त्यांनाच आपलं बोलणं कसंसं वाटलं.

नीलम थांबली. तिच्या आजीने याच घराच्या ओट्याखाली उभं राहून ओंजळीने पाणी प्यायलं होतं, आणि ही गोष्ट तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही ठाऊक होती. ती चिडली नाही. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बरं. मंग मशीन भायेर आणा. वट्यावर ठिवून खोलते. मला कुटं बी चालतंय. गल्ली बी बगंल, करमणूक हुईल."

ओट्यावर कम्प्युटर! अण्णासाहेबांच्या डोळ्यांपुढे सगळी गल्ली उभी राहिली. ज्या गुपितासाठी चौदा वर्षं सोवळं पाळलं, ते गुपित वाचवायला आता सोवळंच बाजूला ठेवायची पाळी आली होती. विमलाबाई मागून म्हणाल्या, "सरका हो. ये गं नीलम आत." अण्णासाहेब सरकले. मान खाली घालून सरकले, पण सरकले.

नीलमने धाबळी उचलली आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई! मशीनला सोवळं नेसवलंय! गुर्जी, माऊसची मुंज बी केली का?"

"काम कर," अण्णासाहेब म्हणाले.

तिने पाच-दहा मिनिटं बटणं दाबली, मान हलवली, विवेकच्या नावाने दोन शब्द पुटपुटली. मग म्हणाली, "हुतंय. रिस्टोर करू. मशीन मधूनमधून आपल्या मनानंच खूण करून ठिवतंय, ह्या दिवशी समदं ठीक हुतं म्हून. त्या खुणेवर मागं नेलं की त्या दिवशी जसं चालू हुतं तसंच हुबेहूब चालतंय. काढलेला प्रोग्राम बी परत येतोय."

"हुबेहूब?"

"हुबेहूब. तीन खुणा हायत. दोन विवेकदादानं हात लावल्यावरच्या, त्या काय कामाच्या न्हाईत. तिसरी तेवढी आधीची. तेवीस ऑगस्ट, शनिवार, सकाळी नऊ बेचाळीस."

अण्णासाहेबांचा हात सवयीने पंचांगाकडे गेला. त्यांनी पान उलटलं, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. पोळा शुक्रवारी झाला होता, पण अमावस्या शनिवारी साडेअकरापर्यंत होती. शनिवार, त्यात अमावस्या, आणि शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ.

"ही तारीख नको," ते म्हणाले.

"दुसरी न्हाई."

"बघ ना एखादी. पौर्णिमा नाही तर नाही, निदान पंचमी तरी."

"गुर्जी, हे काय लग्नाचं हॉल हाय का, तारखा बगायला? बरं, मला सांगा, त्या अमावस्येला मशीन चालत हुतं का?"

"चालत होतं."

"आन विवेकदादानं वाटोळं केलं तो दिवस कसा हुता?"

अण्णासाहेबांनी पान उलटलं. महालक्ष्म्यांच्या पूजनाचा दिवस. काही खोट काढायला जागा नव्हती. "उत्तम होता," ते बारीक आवाजात म्हणाले. विमलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

पण अण्णासाहेबांची खरी भीती पंचांगात नव्हती. त्या शनिवारी सकाळी त्यांनी काय केलं होतं ते त्यांना लख्ख आठवत होतं. शनी अमावस्येच्या राहुकाळात पत्रिका बघायला कुत्रंसुद्धा येत नाही, म्हणून ते निवांत होते, आणि चाळा म्हणून त्यांनी स्वतःची आणि विमलाबाईंची जन्मवेळ मशीनमध्ये घातली होती. ती पत्रिका चौतीस वर्षांपूर्वी दिनकररावांनी हाताने जुळवली होती. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण, असं वडिलांनी मांडवात सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मशीनने नऊ सांगितले. अण्णासाहेबांनी तीनदा आकडे तपासले. तिन्ही वेळा नऊ. मग त्यांनी मशीन बंद केलं, धाबळी टाकली आणि गेला दीड महिना ते ही गोष्ट गिळून होते. एक तर मशीन खोटं, नाही तर वडील चुकले. वडील चुकणं शक्य नव्हतं, आणि मशीन खोटं असेल तर निम्म्या गावाच्या सोयरिकी खोट्या. आता त्याच दिवशी परत जायचं, आणि तेही हुबेहूब.

"बारा वाजू दे," ते म्हणाले. "आत्ता साडेदहा ते बारा राहुकाळच आहे. बारानंतर बसू."

"बारा ते तीन लाइट न्हाई. लाइनचं काम हाय, मेसेज आलाय. आन मागं न्यायला पाऊण तास लागतोय. मधीच लाइट गेली तर मशीन कायमचं बसंल, ह्या डब्यात दम न्हाई." नीलमने घड्याळ दाखवलं. दहा पन्नास. "मुहूर्त तारवाल्यांनी काढलाय, गुर्जी. बोला."

अण्णासाहेबांनी हात जोडले, गणपतीचं स्मरण केलं, विमलाबाईंनी गंमत म्हणून कम्प्युटरच्या डोक्यावर सुपारी ठेवली, आणि भर राहुकाळात नीलमने अमावस्येवर बोट ठेवलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. विमलाबाईंनी तीन कप चहा आणला आणि एक कप घेऊन त्या नीलमशेजारीच खाली बसल्या. चौदा वर्षांत त्या खोलीत बाहेरचं माणूस चहा प्यायलं नव्हतं. गोल फिरत राहिला. अण्णासाहेब जप करत राहिले, पण त्यांचं लक्ष देवाकडे नव्हतं, डोक्यावरच्या पंख्याकडे होतं. पंखा जरा मंदावला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

अकरा पस्तीसला मशीन आपोआप बंद झालं, परत चालू झालं, आणि पडद्यावर त्यांचं जुनं पिवळट चित्र आलं. कोपऱ्यात प्रोग्रामची खूण. अण्णासाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळी भीती विसरून तिच्यावर दोनदा टिचकी मारली.

त्या प्रोग्रामची एक खोड होती. शेवटी बघितलेलं जोडपंच तो आधी उघडायचा. वर: अण्णासाहेब. वधू: विमला. गुण: छत्तीसपैकी नऊ.

नीलमने वाचलं आणि ती चहाचा रिकामा कप निरखायला लागली. विमलाबाईंनी चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"अगं, मशीन आहे, चुकत असेल," अण्णासाहेब घाईघाईने म्हणाले. "त्या दिवशी राहुकाळ होता."

"चुकलेलं नाही. नऊच आहेत," विमलाबाई म्हणाल्या. "मामंजींनी मला सांगितलं होतं, शेवटच्या दुखण्यात. म्हणाले, 'सूनबाई, नऊ जमत होते, मी अठ्ठावीस सांगितले. मुलगी चांगली होती, आणि आमच्या अण्णाला दुसरी कोण देणार होतं?'"

अण्णासाहेबांना काय वाटलं ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ज्या गणितासाठी ते जन्मभर बापापुढे खाली मान घालून राहिले, ते गणित येत असूनही बापाने बाजूला ठेवलं होतं. तेही पोराच्या लग्नात, मांडवात, शंभर माणसांसमोर, तोंड वर करून! त्यांना एकदम हलकं वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं सोपं होतं तर आधी सांगायचं नाही का?

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "गुर्जी, हायत का घरात?"

रंगनाथचा आवाज! अकरा चाळीस! अण्णासाहेबांनी धाबळी ओढायला घेतली, ती त्यांच्याच पायात अडकली. "एक वाजता सांगितलं होतं ना तुम्हाला!" ते आतूनच ओरडले.

"सांगितलं हुतं की," रंगनाथ बैठकीतून म्हणाले. "पन बारा ते तीन लाइट न्हाई आज. लाइट गेल्यावर तुमी कसं काढणार, गुर्जी? म्हून म्हनलं लाइट हाय तवर जाऊन यावं."

धाबळी अण्णासाहेबांच्या हातातून गळाली. ते दारात आले. बैठकीत रंगनाथ आणि त्यांची मनिषा सतरंजीवर बसली होती, दोघांचे चेहरे अगदी निर्मळ.

"म्हणजे?" अण्णासाहेब म्हणाले. "तुम्हाला... ठाऊक आहे?"

"काय, मशीनचं?" रंगनाथ म्हणाले. "गुर्जी, समद्या गावाला ठावं हाय. लाइट गेली की तुमचा योग जातोय. आत डबा टूं टूं करायलाय की तुमी घंटा बडवता. कुणाला कळणार न्हाई? लोक आधी सबस्टेशनला इचारतेत, मंग तुमच्याकडं येतेत."

"मग कुणी बोललं कसं नाही? चौदा वर्षं?"

"तुमी एवढं जीव तोडून लपवायलात, आमी कामून बोलावं? बरं दिसतंय का ते?"

अण्णासाहेब भिंतीला टेकले. चौदा वर्षांचा घाम, घंटा, कापलेली वायर, बंद दार, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. गाव इतकी वर्षं त्यांची लाज राखत होतं, आणि तेही बिनबोभाट. त्यांना रडूही येईना आणि हसूही येईना.

"आत या," नीलम आतून म्हणाली. "वीस मिनिटं उरलीत. मशीन इथंच हाय."

मग त्या सोवळ्याच्या खोलीत अख्खी पंगत बसली. मनिषाची पत्रिका मशीनमध्ये होतीच, पाथरीच्या मुलाची जन्मवेळ तिने चिठ्ठीवर आणली होती. अण्णासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर दोन बोटांनी टाइप केलं, तेही चुकत. मनिषाने एक वेळ दुरुस्त करून दिली. मशीनने थोडा विचार केला आणि आकडा टाकला. छत्तीसपैकी अकरा.

मनिषाचा चेहरा उतरला. निदान अठरा लागतात हे तिलाही ठाऊक होतं. रंगनाथांनी आकड्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. एरवी अण्णासाहेब अशा वेळी खोलीत एकटे असायचे. मुलगी भली असली, मुलगा भला असला की कागदावर अकराचे एकवीस कसे व्हायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. या खोलीतून बाहेर गेलेली एकही सोयरीक आजवर मोडली नव्हती. पण आज पडदा सगळ्यांसमोर होता आणि लपायला धाबळी नव्हती. मनिषा पडद्यावरून नजर काढत नव्हती. तिच्या बोटांत ती चिठ्ठी चुरगळली होती.

अण्णासाहेबांनी विमलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली. मग अण्णासाहेबांनी प्रोग्राममधलं आधीचं जोडपं परत उघडलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे वाचा, रंगनाथ. मोठ्यानं वाचा."

रंगनाथांनी नावं वाचली, आकडा वाचला आणि त्यांचा आ वासला. "नऊ? तुमचे?"

"आमचे. माझ्या वडिलांनी हाताने काढलेले, मशीनचे नव्हेत," अण्णासाहेब म्हणाले. "चौतीस वर्षं चाललंय."

"चालवलंय," विमलाबाई म्हणाल्या. "आपोआप नाही चाललं."

"चालवलंय," अण्णासाहेबांनी दुरुस्ती केली. "नवावर आमचं एवढं झालं. तुमची मुलगी आमच्यापेक्षा दोन गुण पुढं आहे. पाथरीला आजच फोन करा."

मनिषाच्या हातातली चिठ्ठी सैल झाली. ती हसली, आणि मग तिने पटकन डोळे पुसले. रंगनाथ म्हणाले, "मंग साखरपुड्याची तारीख बी काढूनच द्या, गुर्जी." अण्णासाहेबांनी पंचांग ओढलं.

"आधी लाइट कवा हाय ते बगा," नीलम म्हणाली.

बरोबर बारा वाजता लाइट गेली. पडदा काळा झाला आणि बॅटरीचा डबा टूंऽऽ टूंऽऽ ओरडायला लागला. अण्णासाहेबांचा हात चौदा वर्षांच्या सवयीने घंटेकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सगळे त्या हाताकडे बघत होते. मग मनिषा उठली, तिने देवापुढची घंटा उचलली आणि डबा गप्प होईपर्यंत वाजवली.